राग गिटारीवर, माया बाटलीवर

"कोण कुठला तो जेफ हॅनमन, आणि त्याच्यासाठी आपल्या भालकीच्या पोरानं डोळ्यांतून पाणी का काढावं?" आमच्याकडे हा प्रश्न विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, हसायचं असतं. मे महिन्याची 2 तारीख आली की आमच्या ओळखीतल्या चारदोन घरांत कुणा पोराच्या, एखाद्या पोरीच्याही मोबाईलवर एका सोनेरी केसांच्या गिटारवाल्याचा फोटो लागतो. कानात बोंडं अडकवून ती एकच गाणं पुन्हापुन्हा ऐकतात. थोरली माणसं एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "झाली ह्यांची पुण्यतिथी सुरू."

मला ह्या हसण्याविरुद्ध बोलायचं आहे. ते बोलून झालं की त्या पोरांविरुद्धही थोडं बोलायचं आहे. दोन्हीकडून बोलणी खायची तयारी ठेवूनच लिहायला बसले आहे.

आधी माणूस कोण ते सांगते, कारण हसणाऱ्यांपैकी कुणीही ते विचारलेलं नाही. जेफ हॅनमन हा अमेरिकेतला, 31 जानेवारी 1964 चा जन्म, कॅलिफोर्नियात वाढलेला. 1981 साली त्याने आणि केरी किंगने मिळून 'स्लेयर' नावाचा बँड काढला. स्लेयर म्हणजे ठार मारणारा. नावापासूनच आपल्या लोकांचं बिनसतं! सोबत गायला टॉम अराया, तो मूळ चिलीचा. ड्रमवर डेव्ह लोम्बार्डो, तो क्युबात जन्मलेला. ह्यातला अराया दवाखान्यात रुग्णांच्या श्वासोच्छ्वासाच्या उपचाराचं काम करायचा आणि त्या पगारातून बँडच्या पहिल्या अल्बमला पैसे लागले. लोकांना श्वास घ्यायला मदत करणारा माणूस रात्री माईकपुढे ओरडायचा. ओरडणं आणि माणुसकी ह्यांचं वैर असतं असं कुणी सांगितलं?

त्यांचं संगीत 'मेटल'. शब्दच धातूचा, आणि त्याचा उगमही धातूच्या कारखान्याशी लागतो. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुढे तारा सैल लावल्या, बोटांना कमी त्रास व्हावा म्हणून. सैल तारांचा आवाज खाली उतरला, जड झाला. 1970 साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' ह्या बँडचा पहिला अल्बम आला आणि मेटलची सुरुवात लोक तिथून धरतात. मला ह्या संगीतातलं सगळं कळतं असा माझा दावा नाही. पण कामगाराच्या चिरडलेल्या बोटांतून आलेल्या आवाजाला 'श्रीमंतांच्या लाडावलेल्या पोरांचा धिंगाणा' म्हणणाऱ्यांना काहीच कळत नाही, एवढं मात्र कळतं.

आता मुख्य आरोप. "हे हिंसक आहे. आपल्या घरात शोभत नाही." आमच्या समाजात हा आरोप फार वजनदार. पाणी गाळून पिणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी आम्ही माणसं. त्या अल्बमांवरची चित्रं बघितली की बायका डोळ्यांवर पदर घेतात. नरक, रक्त, कवट्या, शिंगं.

मला सांगा, आपल्या देवळांतल्या भिंतींवर नरकाची चित्रं कुणी काढली? करवतीनं कापले जाणारे जीव, उकळत्या कढईत टाकलेले जीव, तापलेल्या खांबाला मिठी मारायला लावलेले जीव. लहानपणी आईचं बोट धरून ती चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पुराणात सातही नरकांची वर्णनं बसून ऐकली आहेत. तेव्हा कुणी म्हटलं नाही की ह्यानं पोरं बिघडतील. उलट म्हटलं, बघ, हे बघून ठेव. भीषण गोष्ट दाखवणं आणि भीषण गोष्ट करणं ह्यांत अंतर आहे, हे आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होतं. हिंसा मनातल्या कषायांत असते, प्रमादात असते, हे प्रवचनात मान डोलावून ऐकायचं, आणि घरी येऊन पोराच्या गिटारीत हिंसा शोधायची, हे कुठलं तत्त्वज्ञान?

हॅनमनच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचंच बघा. 1986 साली 'रेन इन ब्लड' हा अल्बम आला. दहा गाणी, आणि सगळी मिळून जेमतेम 29 मिनिटं. मिनिटाला दोनशेच्या आसपास ठोके. त्यातलं पहिलं गाणं 'एंजल ऑफ डेथ' हॅनमननं एकट्यानं लिहिलं, शब्द आणि चाल दोन्ही. विषय काय? जोसेफ मेंगेले. ऑश्विट्झच्या छळछावणीतला डॉक्टर, जो जिवंत माणसांवर, जुळ्या मुलांवर प्रयोग करायचा. बँड दौऱ्यावर असताना हॅनमननं त्याच्यावरची पुस्तकं वाचली आणि त्यातून हे गाणं आलं. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत लढलेले. जर्मनांची पदकं त्यांनी घरी आणली होती, ती पोराला दिली, आणि तो युद्धाची पुस्तकं वाचत मोठा झाला.

ह्या गाण्यामुळे आणि अल्बमवरच्या चित्रामुळे कोलंबिया कंपनीनं अल्बम बाजारात पोचवायला नकार दिला. शेवटी गेफन कंपनीनं तो पोचवला. नाझींचे चाहते म्हणून बँडवर आरोप झाले. मेंगेले वाईट होता हे उघडच आहे, ते वेगळं सांगायला हवं का, अशा अर्थाचं उत्तर हॅनमन देत राहिला.

ह्या गाण्याचं वर्ष लक्षात घ्या. मेंगेले युद्धानंतर दक्षिण अमेरिकेत पळाला, नाव बदलून राहिला आणि 1979 साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर पोहताना मेला. 34 वर्षांत कुठल्याही कोर्टासमोर उभा राहिला नाही. 1985 साली त्याची हाडं उकरली तेव्हा जगाला कळलं की तो सुटला, कायमचा सुटला. त्यानंतर वर्षभरात बावीस वर्षांच्या एका गिटारवाल्यानं त्याचं कृत्य एकेक करून गाण्यात मांडलं. पुढे कित्येक वर्षं हजारो पोरांनी ते ऐकलं आणि 'हा मेंगेले कोण?' म्हणून पुस्तकं उघडली. माझ्या नणंदेच्या मुलानं ऑश्विट्झचं नाव शाळेत ऐकलं नव्हतं, त्या गाण्यातून ऐकलं. "मामी, हे खरंच झालं होतं का?" असं त्यानं मला विचारलं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून वाचलं. गोड आवाजातल्या किती गाण्यांनी आपल्या पोरांना असा प्रश्न विचारायला लावला आहे?

आपल्या बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्याची 1948 च्या मे महिन्यातली कत्तल आठवा. रझाकारांच्या त्या दिवसांबद्दल आमच्या सासूबाई बोलायच्या तेव्हा आवाज चढायचा, हात थरथरायचे. कुणी त्यांना म्हटलं नाही की हळू बोला, मंजूळ बोला. काही गोष्टी मंजूळ आवाजात सांगितल्या तर खोट्या वाटतात. ऑश्विट्झ भावगीताच्या चालीत कसं गायचं?

दुसरा आरोप नात्याचा. नणंदेच्या त्याच मुलाला त्याचे चुलते चारचौघांत म्हणाले होते, "तुझा आजा गेला तवा डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि ह्या गोऱ्यासाठी रडूलालास?" पोरगा गप्प बसला. मी तिथे होते, म्हणून मला ठाऊक आहे की आजोबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि रात्री अंथरुणात रडत होता. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. माणूस फक्त रक्ताच्या नात्यासाठीच रडतो का?

गदग जिल्ह्यातल्या रोणचा एक कन्नड पोरगा अकरा वर्षांचा असताना अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडा झाला आणि 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. तेव्हाही कुणीतरी त्याच्या वडिलांना म्हटलंच असेल, कोण कुठले ते खाँसाहेब, आणि तुझं पोरगं का खुळावलंय? तो पोरगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. 24 जानेवारी 2011 ला ते गेले तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांनी त्यांना उभ्या जन्मात एकदाही प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, त्यांनी दिवसभर अभंग लावून ठेवले. बायकांनी डोळे पुसले. कुणी विचारलं का, की अक्का, ते तुमचे कोण लागत होते?

आणि भीमसेनांनी काय केलं? त्यांचे गुरू, कुंदगोळचे रामभाऊ म्हणजे सवाई गंधर्व, 1952 साली वारले. दुसऱ्या वर्षापासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. गेलेल्या गाणाऱ्याला गाण्यातूनच आठवायचं, अनोळखी माणसांनी एकत्र बसून आठवायचं, ही आपली रीत आहे. हॅनमन गेल्यावर 23 मे 2013 ला हॉलिवूडच्या पॅलेडियम सभागृहात त्याच्या चाहत्यांसाठी स्मरणसभा झाली, सगळ्यांना मुक्त प्रवेश होता. दोन्हींत मला काडीचाही फरक दिसत नाही. एका ठिकाणी सतरंजी आणि दुसऱ्या ठिकाणी काळे टी-शर्ट, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या पोरांचं दुःख का खोल आहे तेही सांगते. बेंगळुरू हे गेली काही वर्षं ह्या संगीताचं मोठं ठिकाण झालं आहे. 17 मार्च 2007 ला तिथे 'आयर्न मेडन' वाजवून गेले, 30 ऑक्टोबर 2011 ला 'मेटालिका'. ऑक्टोबर 2012 मध्ये स्लेयर आले. आमच्या भागातून बेंगळुरू म्हणजे रात्रभराचा प्रवास. नणंदेचा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॅन्टीनमध्ये एकवेळ जेवून पैसे साठवले आणि मित्रांबरोबर गेला. त्या रात्री स्टेजवर हॅनमन नव्हताच. त्याच्या जागी 'एक्झोडस' ह्या दुसऱ्या बँडचा गॅरी होल्ट वाजवत होता. पोरं म्हणाली, असू दे, आजारी आहे, बरा होईल, पुढच्या खेपेला बघू. सात महिन्यांनी तो गेला. ज्याला बघायला इतकं केलं तो त्या स्टेजवर नव्हता आणि पुढे कधीच नसणार, हे दुःख हसण्यासारखं आहे का? पंढरीला पोचून दर्शनाविना परत आलेल्या माणसाला हसतो का आपण?

इथवर मी पोरांची वकिली केली. आता त्यांच्याकडे वळते.

हॅनमन कशानं गेला? विचारलं की पोरं सांगतात, कोळी चावला. गोष्ट मोठी चमत्कारिक म्हणून सांगायलाही बरी. ते अर्धसत्य आहे. 2011 च्या सुरुवातीला त्याच्या हाताला जबर जंतुसंसर्ग झाला. त्वचा आणि खालचं मांस कुजवणारा तो आजार कोळ्याच्या चावण्यातून झाला असं सांगितलं गेलं. शस्त्रक्रिया झाल्या, कातडी लावावी लागली, गिटार वाजवणारा हात गेल्यासारखा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या कार्यक्रमात तो शेवटची दोन गाणी वाजवायला स्टेजवर आला, तेवढाच. पण 2 मे 2013 ला, वयाच्या 49 व्या वर्षी, त्याचा जीव गेला तो यकृत निकामी झाल्यामुळे. आणि यकृत निकामी झालं दारूमुळे. बँडनं आठवड्याभरात हे जाहीर करून टाकलं. लपवलं नाही, ही त्यांची मोठी गोष्ट.

आणि चाहत्यांनी काय केलं? हॅनमनला एक बिअर फार आवडायची. त्या बिअरच्या लेबलाच्या धर्तीवर आपलं नाव लिहून त्यानं ते गिटारीवर चिकटवलं होतं. तो गेल्यावर त्याच लेबलाची नक्कल करून त्याच्या नावाचं, जन्ममृत्यूच्या सालांचं चिन्ह बनलं. ते टी-शर्टांवर आलं, बँडच्या कार्यक्रमात पाठीमागच्या पडद्यावर आलं. ज्या गोष्टीनं माणूस मारला तिचंच लेबल त्याच्या समाधीवर! आमच्याकडची पोरंही तो शर्ट घालतात, आणि काहीजण त्या दिवशी 'जेफच्या नावानं' बाटली फोडतात. ज्या माणसानं मेंगेलेचं नाव न कचरता घेतलं, त्याच्या मारेकऱ्याचं नाव घ्यायला तुम्ही कचरता? कोळ्यावर ढकलता? हॅनमनच्या गाण्यातून तुम्ही जर काही शिकला असाल, तर ते हेच असायला हवं होतं की भयंकर गोष्टीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायची.

माझं हे बोलणं ऐकून थोरल्यांनी खूश होऊन माना डोलवायच्या नाहीत. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असं तर मुळीच म्हणायचं नाही. कारण कोळ्यावर ढकलायची विद्या पोरं आपल्याकडूनच शिकली आहेत. फक्त आपल्या कोळ्याचं नाव 'कावीळ'.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या परिचयातले कितीतरी पुरुष पस्तीस ते पन्नास वयात गेले. भेटायला गेलं की ठरलेलं उत्तर: "कावीळ उलटली." "पोटात पाणी झालं." "डॉक्टरला कळलंच नाही." सोलापूर, हैदराबाद, कुठे कुठे नेलं ह्याची यादी सांगतात. बाटलीचं नाव कुणी घेत नाही. विधवा झालेली पोर कोपऱ्यात बसलेली असते, तिला सगळं ठाऊक असतं, आणि तिच्या देखत तीस माणसं खोटं बोलून चहा पिऊन जातात. आमच्या समाजात मद्य-मांस-मधाचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी. म्हणून तर आमच्याकडे दारूनं मरण्याची सोयच नाही! सगळे काविळीनंच जातात. अमेरिकेतल्या चार केसाळ वादकांनी आपल्या मित्राच्या मरणाचं खरं कारण जगाला सांगितलं, तेवढं धैर्य आमच्या एकाही पंचाला झालेलं मी पाहिलं नाही.

कर्नाटकात 1 जुलै 2007 पासून सारायी बंद झाली. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. मग तीच नशा कागदी पाकिटांत भरून दुकानातून मिळायला लागली. त्याविरुद्ध कुठल्या गल्लीत सभा झाली? पोराच्या खोलीतून गिटारीचा आवाज आला की मात्र दार वाजतं.

आवाजाचंच म्हणाल, तर लग्नाच्या वरातीत जो डीजे लावता तो काय आहे? काचा हादरतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, पाळण्यातलं पोर किंचाळत उठतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, वस्तीत रात्री 45 डेसिबलची मर्यादा. ते नियम आमच्या भागात कुणी वाचले आहेत? आणि त्या डीजेपुढे नाचणाऱ्यांच्या खिशात काय असतं हे वरपित्याला ठाऊक असतं, वधूपित्यालाही. तो 'आनंद'. आणि कानात बोंडं अडकवून, कुणालाही त्रास न देता, एका मेलेल्या माणसाची 29 मिनिटं ऐकणं ही 'विकृती'. वा रे न्याय! भर गल्लीतला धिंगाणा मान्य आणि बंद खोलीतलं ऐकणं अमान्य, असं का? कारण डीजे आपला आहे आणि गिटार परकी आहे. हिंसा-अहिंसेचा त्यात काही संबंध नाही. संबंध आहे तो आपल्या-परक्याचा. तेवढं तरी प्रामाणिकपणे कबूल करा आणि अहिंसेचं नाव मधे आणू नका.

म्हणून दोघांनाही माझं सांगणं आहे. पोरांनो, 2 मे ला हॅनमनला जरूर आठवा. ती 29 मिनिटं सलग ऐका, त्याच्या बोटांनी काय केलं ते एकमेकांना उलगडून दाखवा, ज्याला गिटार येते त्यानं वाजवून दाखवा. कुणी विचारलं कशानं गेला, तर सरळ सांगा: दारूनं गेला, 49 व्या वर्षी गेला, अजून कितीतरी वाजवायचं राहिलं. आणि तो लेबलाचा शर्ट त्या दिवशी तरी घालू नका.

आणि थोरल्यांनो, पुढच्या वेळी तुमच्या ओळखीतला कुणी चाळिशीत गेला आणि घरच्यांनी कावीळ म्हटलं, तर निदान त्याच्या वयात येणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगा. ते सांगण्याची हिंमत झाली, की मग त्याच्या गिटारीबद्दल काय बोलायचं ते बोला.